काकांची गोळी आणि भाचीची थेरपी

आम्ही लहान असताना दादर-गिरगावच्या नातेवाइकांकडे गेलो की ठाण्यावरून चेष्टा ठरलेली असायची. कुणी काही विसरलं, कुणी वेडंवाकडं बोललं, की लगेच 'याला ठाण्याला पाठवा रे'. आम्ही ठाण्याहूनच आलेले असल्यामुळे ती चेष्टा जास्तच रंगायची. १९०१ साली सुरू झालेलं मनोरुग्णालय आमच्या गावात होतं, आणि साऱ्या मुंबईच्या लेखी ठाणं म्हणजे तेवढंच. आम्ही भावंडंही हसायचो. आई मात्र काहीतरी काम काढून आत निघून जायची. वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, त्या रुग्णालयात राहून आले होते आणि ही गोष्ट आमच्या उंबरठ्याबाहेर कुणालाही ठाऊक नव्हती.

काका वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. हात चांगला, पगार नियमित, लग्नाचं बघायला सुरुवात झालेली. मग हळूहळू त्यांना वाटायला लागलं की शेजारच्या मशीनवरची माणसं आपल्याविषयीच बोलतात. पुढे माणसं नसतानाही बोलणं ऐकू यायला लागलं. डबा न उघडता घरी परत यायचा, कारण त्यात कुणीतरी काहीतरी मिसळलंय. आजीने आधी अंगारा लावला, मग गावाकडच्या देवऋषाकडे नेलं. डॉक्टरांपर्यंत पोचायला वर्षाहून जास्त काळ गेला, आणि शेवटी जायचं ठरलं तेव्हा 'देवाला जाऊन येऊ' असं सांगून त्यांना रिक्षात बसवलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात तेव्हा आला, पण उच्चारला कुणीच नाही. नातेवाइकांना सांगितलं, नाशिकला नोकरी लागली आहे. ते परत आल्यावर ताईला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा काकांना मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली जायची.

हे सगळं माहीत असल्यामुळे गेल्या गणपतीत जे पाहिलं ते मला फार मोठं वाटलं. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी करते. आरती झाल्यावर बायका गप्पा मारत बसल्या होत्या. ती बारीक झाल्याचा विषय निघाला, तर ती सरळ म्हणाली, "मला एन्झायटीचा त्रास आहे. पॅनिक अटॅक यायचे. मी थेरपिस्टकडे जाते." मी श्वास रोखून बघत राहिले. डोंबिवलीच्या काकू, ज्यांचं वय सत्तरीच्या पुढे, त्या म्हणाल्या, "बरं केलंस गं बाई, असलं अंगावर काढू नये." दुसरीने तिच्या नातवाचं सांगितलं. तिसरीने थेरपिस्टची फी विचारली. कुणाचाही आवाज खाली गेला नाही.

हा बदल आपोआप झालेला नाही. ठाण्यात तर त्याची मुळं जुनी आहेत. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इथे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली आणि मनाविषयी मराठीत, साध्या भाषेत, भरल्या सभागृहात बोलता येतं हे आमच्या पिढीने पाहिलं. पुढे २०१५ मध्ये दीपिका पदुकोणने स्वतःच्या नैराश्याविषयी उघडपणे सांगितलं. २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला तेव्हा वाहिन्यांनी घातलेला धिंगाणा अजून आठवतो, पण त्याच दिवसांत घराघरात, जेवणाच्या ताटावर, पोरांनी आईवडिलांना पहिल्यांदा 'मला बरं वाटत नाहीये' असं सांगितलं हेही खरं. लॉकडाऊन होताच. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं आता कायदा गृहीत धरतो, त्याच्यावर खटला भरत नाही. साखळदंडाने बांधायला बंदी आली. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजारालाही द्यावा असं कलम आलं. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, क्लबहाउसमध्ये व्याख्यान असतं आणि खुर्च्या भरतात.

भाची वेळेत पोचली ती या सगळ्यामुळे. काकांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं. म्हणून कुणी 'हल्लीची फॅडं आहेत' म्हणालं की मला संताप येतो.

पण त्याच संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये, खिडकीजवळच्या खुर्चीत काका बसले होते. औषधांमुळे त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे मोदकावरचं तूप थोडं शर्टावर सांडलं होतं. मी रुमाल आणायला आत गेले, तर डोंबिवलीच्या काकू माझ्यामागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "यांना आणलंयत आज, ठीक आहे, पण गोळी दिलीय ना? लहान मुलं आहेत घरात."

काकूंना मी दोष देत नाही. त्या मनाने चांगल्या आहेत, भाचीशी त्या जे बोलल्या ते मनापासूनच होतं. पण तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. समाजाचा मनाच्या आजाराकडे बघण्याचा दृष्टिकोन बदललाय असं आपण म्हणतो, तेव्हा तो नक्की कोणासाठी बदललाय? ज्याला आपला त्रास नीट वाक्यांत सांगता येतो, जो नोकरीवर जातो, फी भरतो, सणाला नीटनेटका दिसतो, त्याच्यासाठी तो बदललाय. ज्याच्या त्रासात बोलणंच विस्कटून जातं, ज्याच्या अंगाला औषधांनी वजन येतं, जो तासन्‌तास एका जागी बसून राहतो, त्याच्यापर्यंत तो अजून पोचलेला नाही. आपल्याला हळवा माणूस समजायला लागलाय. भास होणारा माणूस अजून समजत नाही.

आणि इथे आणखी एक गुंता आहे. लक्ष मिळालं की माणूस बरा होतो, असं सरळ गणित नाही.

जॉर्ज ब्राउन नावाच्या संशोधकाने १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या पुरुषांचा पाठपुरावा केला. अपेक्षा अशी की जो आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेला तो जास्त सुखात राहील. दिसलं उलटंच. भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणीकडे राहणारे त्यांच्यापेक्षा बरे टिकले. मग पुढच्या वीसेक वर्षांत ब्राउन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरातलं बोलणंच तपासलं. सतत टीका, राग, किंवा जिवापाड काळजीपोटी माणसाला क्षणभरही एकटं न सोडणं, यांतलं काहीही जास्त असलं तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, हे दिसलं. कुटुंबामुळे आजार होतो असा याचा अर्थ नाही, तो अर्थ काढून आयांना फार छळलं गेलंय. पण आजार झाल्यावर घराची नजर कशी आहे याने फरक पडतो. १९८० च्या दशकात हेच चंदीगडमध्ये करून पाहिलं, तेव्हा असा ताण असलेली घरं तिथे लंडनपेक्षा कमी निघाली.

हे मी फार उशिरा, काकांचे डॉक्टर बोलता बोलता म्हणाले म्हणून वाचलं, आणि आमचं नौपाड्यातलं घर डोळ्यांपुढे उभं राहिलं. आजी दिवसभर त्यांच्या मागे. आंघोळ केलीस का, गोळी गिळलीस ना, जीभ दाखव, का हसलास, कोणाशी बोलतोयस. वडिलांची दुसरी तऱ्हा. कामावरून आले की, "दिवसभर नुसता बसून असतोस, हातपाय हलवायला काय होतं?" दोघांचंही प्रेमच होतं, दुसरं काही नव्हतं. पण काका जे बसून असायचे तो आळस नव्हता. भास गोळ्यांनी बऱ्यापैकी जातात. उत्साह, इच्छा, बोलायची ओढ आटते, ती सहजी परत येत नाही, आणि आजाराचा हा भाग औषधांना फारसा दाद देत नाही. आमच्या घरात सगळ्यांत जास्त बोलणी काकांनी त्याचीच खाल्ली. एक माणूस आजारी आणि चार माणसं त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसलेली, अशी ती वर्षं.

काका सावरले ते एका दुकानात.

वडिलांच्या मित्राच्या मुलाचं नौपाड्यात वह्या-पुस्तकांचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्याने एका जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या गर्दीत, माणूस हवा म्हणून काकांना बोलावलं. वडील घाबरले, त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला माहितेय, लहानपणापासून बघतोय, दोन तास पाठवा. काका तिथे अजून जातात. त्यांचं मुख्य काम स्पायरल बाइंडिंग. पानांची थप्पी टेबलावर उभी आपटून कडा एकसारख्या करायच्या. थोडी थोडी पानं मशीनमध्ये सरकवून दांडा खाली ओढायचा. मग प्लॅस्टिकची स्पायरल भोकांतून फिरवत फिरवत पुढे न्यायची आणि दोन्ही टोकं पकडीने मुडपायची. टर्नरचा हात आहे, त्यामुळे कडा चुकत नाही, पण थरथरीमुळे स्पायरल ओवायला वेळ लागतो. दुकानदाराने यावर काढलेला तोडगा मला अजून नवलाचा वाटतो. घाईचं काम तो स्वतः करतो. 'उद्या नेतो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम काकांच्या बाजूला ठेवतो. एवढंच. त्यासाठी त्याने कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही.

काकांचा दिवस बरा नसला की त्यांच्या चालण्यावरून त्याला कळतं. तेव्हा तो तब्येतीचं काही विचारत नाही. "काका, आज मागे बसा, लेबलं चिकटवा" असं म्हणतो. सलग काही दिवस मागे बसायची वेळ आली तरच आम्हाला फोन करतो. काकांकडे इतकं नेमकं लक्ष आमच्यापैकी कुणी कधी ठेवलं नव्हतं, आणि काकांना ते कधी टोचत नाही. पगार थोडा आहे. तो ते स्वतः मोजून घेतात आणि त्यातले पैसे देऊन कोपऱ्यावर चहा पितात. चहावाला त्यांना 'मास्तर' म्हणतो, का ते त्यालाच माहीत.

भाचीकडे परत येते, कारण तिच्याकडूनही मला काही कळलं. तिला पहिला झटका आला तो ठाणे-वाशी लोकलमध्ये. छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, आता आपण मरणार अशी खात्री. ती दिघा गाव स्टेशनला उतरून बाकावर बसून राहिली. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग तिने वाचायला सुरुवात केली, रील्स बघितल्या, मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं ज्यात दिवसातून अनेकदा मूडला मार्क द्यायचे. मैत्रिणींचा ग्रुप होताच, तिथे प्रत्येकीकडे स्वतःसाठी काही ना काही निदान तयार होतं. कोणाशी भांडण झालं की तो टॉक्सिक, परीक्षेची भीती वाटली की ट्रिगर. ती मला म्हणाली, "आत्या, मी दिवसभर स्वतःला तपासत बसायचे. धडधडतंय का? वाढलं का? अजून आहे का?"

तिच्या थेरपिस्टने सुरुवातीलाच ते अ‍ॅप काढून टाकायला सांगितलं. पॅनिकमध्ये माणूस धडधडीवर पहारा ठेवतो, पहाऱ्यामुळे भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. हे चक्र तोडायला तिला पुन्हा लोकलमध्येच बसवलं. आधी एक स्टेशन, मग दोन, दुपारच्या रिकाम्या गाडीत, मग सकाळच्या गर्दीत. छाती धडधडली तरी उतरायचं नाही, धडधड आपोआप कमी होईपर्यंत थांबायचं. कष्टाचं काम होतं ते, रडत रडत केलं तिने. आता रोज जाते.

म्हणजे आजीने काकांवर ठेवला तसा पहारा हल्लीची मुलं स्वतःच स्वतःवर ठेवू लागली आहेत. या शंकेला अभ्यासाचाही आधार मिळतोय. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांना सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, धडे देऊन पाहण्याचा एक मोठा प्रयोग झाला, हजारो मुलांवर. २०२२ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या शाळेपेक्षा त्या धड्यांनी मुलांच्या मनःस्वास्थ्यात वेगळा फायदा झालेला दिसला नाही. २०२३ मध्ये लुसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज या दोन मानसशास्त्रज्ञांनी असं मांडलं की जागृतीमुळे खरा आजार ओळखला जातो हे चांगलंच, पण काही माणसं रोजच्या साध्या त्रासालाही आजाराचं नाव देऊ लागतात आणि त्या नावाप्रमाणे वागता वागता त्रास खरोखर वाढतो. त्यांनी हे गृहीतक म्हणूनच मांडलंय, सिद्ध झालेली गोष्ट म्हणून नाही. मला ते पटतं. पण यावरून 'जुनं बरं होतं, गप्प बसणं बरं होतं' म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. गप्प बसलेलं घर मी आतून पाहिलंय. त्यात काकांचं पहिलं वर्ष गेलं, ज्या वर्षात लवकर औषध मिळालं असतं तर बरंच काही वाचलं असतं.

मला हवंय ते असं की आता जी एवढी चर्चा आहे, तिने तिथेच थांबू नये. निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. क्लबहाउसमधल्या व्याख्यानाला हे लोक येत नाहीत. ते येऊ शकतील असं काही आपण केलेलं नाही. थेरपिस्टच्या एका तासाच्या फीमध्ये काकांच्या महिन्याभराच्या गोळ्या येतात. त्या गोळ्या सरकारी रुग्णालयात मिळतात, पण त्यासाठी घरातल्या एकाला कामावर खाडा करून रांगेत उभं राहावं लागतं. ज्या घरात रांगेत उभं राहणारा माणूसच नाही, तिथे औषध बंद पडतं आणि आजार उलटतो.

२०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य कायद्यातलं १९ वं कलम फार कमी लोकांना माहीत आहे. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही, समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे, असं ते म्हणतं. पण बरं झालेल्या माणसाने बाहेर पडून जायचं कुठे? निम्मी काळजी, निम्मं स्वातंत्र्य अशी छोटी घरं हवीत, आणि ती हवी तेवढी झालेली नाहीत. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, बरं करून, देशभरात त्यांच्या घरी पोचवण्याचं काम डॉ. भरत वाटवानी कर्जतहून करतात, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या माणसांची घरं शोधून दार वाजवल्यावर अनेकदा आई दारात उभी असते. म्हणजे घरं सगळीच कठोर नसतात. थकलेली असतात, घाबरलेली असतात. आता ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये मनोरुग्णालयाच्या जागेवर नवं स्टेशन होऊ घातलंय. गर्दी विभागली जाईल, चांगलंच आहे, माझी भाचीही वापरेल. त्याच परिसरात बऱ्या झालेल्या माणसांसाठी चार घरं उभी राहिली, तर मी तिथे हवं ते काम करायला जाईन.

सोसायट्यांनाही मला हेच सांगायचंय. आमच्याकडे वाचनालय आहे, बाग आहे, पार्सलं घेऊन नोंद ठेवायचं टेबल आहे. घाई नसलेलं काम आपल्याकडे भरपूर असतं. ते कुणाला द्यायचं याचा विचार कमिटीच्या सभेत कधी होत नाही.

वडील गेल्यावर काकांची जबाबदारी माझ्याकडे आणि भावाकडे आली. अशा घरांतल्या सगळ्यांना रात्री जागवणारा प्रश्न एकच असतो, आमच्यामागे यांचं कोण? त्यावर कायद्यात एक छोटी तरतूद आहे. माणूस स्वतः साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. स्वतःचं स्वतःला ठरवता येणार नाही अशी वेळ आली तर तो प्रतिनिधी त्याच्या वतीने डॉक्टरांशी बोलतो. मला वाटलं होतं काका माझं नाव घेतील. त्यांनी भाचीचं घेतलं. का, असं विचारल्यावर म्हणाले, "तिला माहितेय." भाचीनेही लगेच हो म्हटलं, आणि मग म्हणाली, "काकाआजोबा, तुम्हाला काय हवं नको तेही सांगून ठेवा, मी लिहिते."

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग तीन गोष्टी सांगितल्या. जुनं इंजेक्शन पुन्हा नको, त्याने मान ताठते. दुकानात कळवायचं, म्हणजे ते काम दुसऱ्याला देतील. आणि भरती करायची वेळ आली तर तसं तोंडावर सांगायचं, देवाला जायचंय म्हणून न्यायचं नाही.